तपकिरी तारांचा दरबार

ते उजवीकडे वळत नसत.

म्हणजे गाडी चालवताना. पायी जाताना कुठंही वळत. पण स्टिअरिंगवर बसले की घरातून निघून परत घरी येईपर्यंत सगळी वळणं डावी. कुंभकोणम त्याला सोयीचंही आहे. देवळं आणि तळी चौकोनी, त्यांच्या भोवतीनं रस्ते. डावी-डावी करत माणूस कुठंही पोचतो, फक्त वेळ लागतो. फार मागं म्हणे गाडीचा उजवा इंडिकेटर बंद पडला होता. तो दुरुस्त होईपर्यंत त्यांनी उजवी वळणं बंद ठेवली. इंडिकेटर दुरुस्त झाला, पण तोवर डाव्या हाताची सगळी दुकानं, सगळी माणसं ओळखीची झाली होती. "उजवीकडें माझें कोणीं नाहीं," असं ते सांगायचे. हे थट्टेनं म्हणायचे की खरंच, ते मला कळलं नाही. त्यांच्याबद्दल मला फारसं कधी काही कळलंच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढं वाचताना तुमची निराशा नको.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची घरटी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात दक्षिणेत पांगलेली. शाळा नववीत सुटली आणि मी मामाबरोबर कुंभकोणमला आलो. पण ॲसिडच्या धुरानं खोकला लागला तो हटेना. मामा म्हणाला, "जा बाबा गावाकडं." गावाकडं जाऊन करणार काय? मग एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागलो, काही वर्षं काढली, आणि स्वामिमलैच्या रस्त्याला पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन माझं मी सुरू केलं. धंदा बरा चालायचा, पण भाषा अर्धी यायची. कोणी मोठ्यानं बोललं की वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

एका दुपारी शेडच्या दारात उभा राहून मी आईशी फोनवर बोलत होतो. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळा रस्ता ऐकेल असं बोलत होतो. समोरून एक जुनी अँबॅसिडर गेली, बॉनेटवर लाटा असतात तशी, अगदी पहिल्या काळातली. आतल्या म्हाताऱ्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि गाडी निघून गेली. फोन संपला, मी एका रिक्षाचा स्टार्टर उघडला, तो पुसून परत बसवला, आणि मग तीच गाडी त्याच दिशेनं पुन्हा आली आणि थांबली.

"तुम्ही मऱ्हाठे काय हो?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "मघांच ऐकिलें. परत यावयास वेळ लागला."

ते जे बोलत ते मराठीच होतं, पण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात जुनी पत्रं छापलेली असायची तसलं. मध्येच होकाराचं "सरि, सरि" असं तमिळ. त्यांचे पूर्वज मराठे राजांच्या वेळी तंजावरला आले ते इथंच राहिले. घरात विठोबा, बाहेर तमिळ. मला हसू आलं. इतक्या लांब कोणी "बैसा" म्हणेल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्याकडं रविवारी जेवायला जाऊ लागलो. उडदाच्या पिठाची दह्यातली डांगरपचडी पहिल्यांदा तिथं खाल्ली. शेडचा मालक जागा परक्या माणसाला पुढं द्यायला कांकूं करत होता, तेव्हा हे त्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा आमचा." पुढं काही नाही, मागं काही नाही. मालकानं जागा दिली. आईला मी फोनवर सांगितलं, तर तिनं विचारलं, "कोण हाईत ते आपलं?" मला सांगता येईना.

ते विमा कचेरीत मोठे अधिकारी होते. आयुष्यभर लोकांच्या तब्येतीचे कागद वाचले, त्यामुळे गाडीबद्दलही ते रोग्याबद्दल बोलावं तसं बोलत. गाडी तपासताना चावी बंद करू देत नसत. स्वतः आत बसायचे, चावी चालूवर ठेवायचे आणि काचेतून माझ्याकडं बघत राहायचे.

"सार, चावी बंद केली तर..."

"रोग्याचा श्वास बंद करून वैद्य नाडी पाहतो काय?"

मी चालू चावीवरच मीटर लावायचो.

दुसरा त्यांचा नियम म्हणजे, जें कोणीं बसविलें तें काढूं नये. मूळ गाडीला बॅटरी भरायला डायनामो होता. पुढं कधीतरी कुणीतरी त्याच्या जागी अल्टरनेटर घातला. मग डायनामोचा रेग्युलेटरचा डबा काढायला हवा होता की नाही? तो तिथंच. त्याच्या तारा तिथंच. मध्ये कुणी रेडिओ बसवला होता, तो चोरीला गेला, त्याची तार मात्र तिथंच. बॉनेट उघडलं की मेलेल्या आणि जित्या तारा एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या, आणि सगळ्या तेलामातीनं तपकिरी.

"ज्याने बसविली त्याने कांहीं समजून बसविली असेल," ते म्हणायचे. "आपण कोण काढणार?"

आता मुख्य गोष्टीकडं येतो. नवरात्राच्या आधी त्यांचा अल्टरनेटर जाम झाला. मी तेव्हा गावी गेलो होतो. तिरुच्चीहून आलेल्या एका मेस्त्रीनं दुसरा बसवून दिला आणि तो गेला. मी परत आलो तर गाडी रोज सकाळी मेलेली. दिवसा धक्का मारून चालू केली की पळायची, रात्री उभी केली की पहाटे बॅटरीत जीव नाही. वर बॅटरीचं पाणी उकळल्यासारखं कमी व्हायचं, पुढचे बल्ब जायचे. एकीकडं उपाशी आणि एकीकडं अजीर्ण. अशी तक्रार मी आधी बघितली नव्हती.

आणि एक गोष्ट होती, ती बघून तर मी हबकलोच. सकाळी, रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन थंडगार, आणि अल्टरनेटर कोमट. हात लावला तर मांजराच्या पोटासारखा.

"ताप आहे," ते म्हणाले. "मीं रोज पाहतों. अंगांत बारीक ताप आहे."

एरवी मी म्हटलं असतं, सार, महिनाभर गाडी राहू द्या, बघू. पण त्यांच्या अक्काचा प्रश्न होता. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, तिरुप्पनंदाळला एकटी राहायची. तिच्या एका डोळ्याची नजर आधीच गेली होती, आणि दुसऱ्याचं ऑपरेशन विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी इथल्या डोळ्यांच्या इस्पितळात ठरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता आणखी पुढं ढकललं तर हाही डोळा जाईल. यांनी दोनदा ढकललेलं होतं, दोन्ही वेळेला गाडीमुळं; धक्का मारून चालू केलेल्या गाडीत अक्काला बसवायचं नाही, असं ते म्हणत.

"मग भाड्याची गाडी करू की सार. मी बोलावतो."

"अक्का बैसणार नाहीं. त्या काचा बंद गाडींत तिचा जीव कोंडतो. तिला ही लागते." त्यांनी पुढच्या दाराच्या तिकोनी काचेवर बोट ठेवलं. ती काच कलती उघडली की वारा बरोबर तोंडावर येतो. "तिला या काचेखेरीज प्रवास माहीत नाहीं."

"मग रात्री बॅटरीची तार काढून ठेवू. सकाळी जोडू. एवढ्यापुरतं तरी."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "तुम्ही निजतांना हृदय काढून उशाशीं ठेवितां काय?"

अल्टरनेटरच्या पाठीत एका जाड तारेशिवाय दोन बारीक तारा जातात. एक थेट बॅटरीकडून येते, ती कायम जिवंत. दुसरी डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून येते, ती चावी फिरवली तरच जागी होते. रंग ठरलेले: पहिली नुसती तपकिरी, दुसरी तपकिरीवर पिवळी रेघ. माझ्या उस्तादानं मला रंगावरच काम शिकवलेलं. बघितलं तर पिवळ्या रेघेची तार दिव्याच्या जागी, साधी तपकिरी बॅटरीच्या जागी. म्हणजे बरोबर. मीटर लावून बघितलं, दोन्हींवर सारखंच दाखवत होतं. मग जुन्या डब्यातल्या तारांच्या मागं लागलो, आणि तिथं अडकलो ते अडकलोच. कुठली तार कुठं जाते, हे संध्याकाळपर्यंत शोधायचं आणि सकाळी विसरायचं. झोपेत मला तपकिरी रंग दिसायचा.

त्यांनी शेवटी दरबार भरवला. हा त्यांचा आणखी एक प्रकार. कुठलाही मोठा निर्णय ते एकट्यानं घेत नसत. ओट्यावर माणसं बसवायची, पितळी भांड्यातून कापी, म्हणजे कॉफी, द्यायची, प्रत्येकाचं म्हणणं ऐकायचं आणि बहुमत घ्यायचं. नातीचं नाव असंच ठेवलं होतं म्हणे. त्या दिवशी ओट्यावर मी, जुन्या डिझेल गाड्यांचा एक मिशीवाला मेस्त्री, आणि बसस्टँडजवळच्या गॅरेजातला एक तरुण, असे तिघं होतो. ते दोघं तमिळमध्ये बोलत होते.

मिशीवाला म्हणाला, "सार, अल्टरनेटर काढा, डायनामो परत घाला. तो देव होता."

तरुणानं फोनवर एक नकाशा दाखवला. "हे बघा सार, याच गाडीचं वायरिंग. जगभर हेच."

"त्यांत ही गाडी आहे?" यांनी विचारलं.

"हीच म्हणजे... हीच नाही सार, अशीच."

"अशीच कोठें असते?"

मिशीवाला कापीचा घोट घेऊन खूष झाला. "ए तंबी, पोरा, तुझ्या फोनला सांग, आधी हिचं बॉनेट उघडून बघ म्हणावं."

"तुमच्या डायनामोनं तरी काय केलं असतं? रात्री दिवे लावले की गाडी ढेकर द्यायची."

"ढेकर म्हणजे पोट भरलंय. तुझा अल्टरनेटर जेवतोय पण आणि रडतोय पण."

मग माझी पाळी. मी म्हणालो, "सार, तारा रंगाप्रमाणं बरोबर आहेत. मला कळत नाही." इतकं खरं मी त्या महिन्यात दुसरं काही बोललो नव्हतो.

त्यांनी मतं मोजली. एक डायनामो, एक नकाशा, एक कळत नाही. "समसमान," ते म्हणाले, आणि सगळ्यांना पुन्हा कापी दिली.

असं करता करता आयुधपूजा आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या दिवशी इकडं सगळी हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पूजेला मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत त्यांना कामासाठी हात लावत नाहीत. माझे पाने, पक्कड, मीटर, टेस्टर, सगळं त्यांच्या देवघरासमोर केळीच्या पानावर, शेवंतीखाली. पहाटे धक्का मारून गाडी तासभर फिरवून आणल्यावर तिची चावीसुद्धा. ऑपरेशन परवावर आलेलं. मी म्हटलं, "सार, एवढं मीटर तरी..." त्यांनी मीटरवर आणखी एक शेवंती ठेवली. मला रडायला आलं होतं, खोटं कशाला सांगू. अक्काला मी तोवर बघितलं नव्हतं, पण एक म्हातारी अंधारात बसलीय आणि तिचा डोळा माझ्या दोन तारांवर लटकलाय, असं दिसत होतं.

"गाडीला स्नान घाला," त्यांनी मला पाण्याचं घमेलं आणि धोतराची फडकी दिली. "बाहेरून नव्हे केवळ. आंतूनहि. मागील वर्षाचे टिळे पुसून काढा, मग मीं नवे लावितों."

मी टिळे म्हणजे बॉनेटवरचे समजलो. ते पुसले. दिव्यांवरचे पुसले. मग बॉनेट उघडून, डोकं ठिकाणावर नसताना, अल्टरनेटरजवळच्या तारा पुसायला लागलो. पिवळ्या रेघेची तार फडक्यात धरली आणि ओढली. फडकं पिवळं झालं.

मी तार बघितली. नुसती तपकिरी.

"सार," मी ओरडलो, "हिचा पिवळा गेला!"

ते शांतपणे वाटीत गोपीचंदन उगाळत होते. "जाणारच. मागील वर्षाचा आहे. सुकून पडूं नये म्हणोन डिंकांत कालवितों, पण पाण्यापुढें डिंक काय करणार?"

"तारेला टिळा लावलात तुम्ही?"

"अस्कीं काम करितात," ते म्हणाले. अस्कीं म्हणजे सगळी. "दिवा काम करितो, चाक काम करितें, तार काय बसून खाते? उदबत्तीच्या काडीनें प्रत्येकीस एक रेघ ओढितों. जिथवर हात पोंचतो तिथवर."

दुसरी तार जुन्या डब्याच्या मागून गेली होती, तिथं त्यांचा हात पोचत नसावा. तिच्यावर वर्षानुवर्षांचं तेल. मी थुंकी लावून, फडकं घासून ती पुसली. मळ निघाला आणि खालून तिची स्वतःची बारीक पिवळी रेघ वर आली, कारखान्यातून आली होती तशी.

आता कुठं उमगलं. तिरुच्चीच्या मेस्त्रीनं माझ्यासारखंच रंग बघून काम केलं होतं. बॅटरीची तार दिव्याच्या जागी गेली, म्हणून अल्टरनेटर रात्रभर आतून जागा राहायचा, बॅटरी पीत राहायचा. तोच तो ताप. आणि दिव्यातून येणारी तार बॅटरीच्या जागी, म्हणून त्याला बॅटरी कायम उपाशीच वाटायची, तो दिवसभर कोंबत राहायचा. मीटरचं कोडं तर मला फार नंतर सुटलं: चावी चालू असली की दोन्ही तारा मीटरला सारख्याच जिवंत दिसतात. बंद करून बघितलं असतं तर एका मिनिटाचं काम.

त्या वेळी मात्र एवढंच कळलं की दोन तारांची अदलाबदल करायची. आणि हत्यारं पूजेत.

"सार, याला पाना लागत नाही. नुसत्या खोचलेल्या आहेत. बोटानं उपसून बोटानं बसवायच्या. पण..."

ते उगाळायचे थांबले. मला वाटलं, आता दरबार भरवतात. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं, मग स्वतःच्या. उठले, वाटीतल्या गोपीचंदनात बोट बुडवलं आणि माझ्याकडं आले. मला वाटलं माझ्या हाताला टिळा लावतात की काय, म्हणजे हातही पूजेत जाणार आणि सगळं संपलं. मी हात मागं घेतला.

"हात पूजेंत मांडला नाहीं," ते म्हणाले. "मांडला नाहीं तें आयुध नव्हे. करा." आणि बोटावरचं गोपीचंदन स्वतःच्याच कपाळाला पुसून परत जाऊन बसले.

विजयादशमीच्या सकाळी पूजा उठल्यावर त्यांनी आधी चावी घेतली नाही. बॉनेट उघडून अल्टरनेटरवर तळहात ठेवला, डोळे मिटून. मग म्हणाले, "ताप उतरला." बॅटरी रात्रभर टिकली होती. चावी फिरवली, गाडी चालू झाली. मी तिथंच मडगार्डला टेकून बसलो.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं. "वैद्य संगें पाहिजे," म्हणाले. तिरुप्पनंदाळला किती डावी वळणं घेत पोचलो ते विचारू नका, एकदा तर भाताच्या दोन शेतांमधून जाऊन एका गोठ्यात निघालो. अक्का दारातच पिशवी घेऊन बसली होती. लहानशी, नऊवारी, काळा चष्मा. पुढच्या सीटवर बसून तिनं ती तिकोनी काच चाचपून उघडली. मी मागं.

मी आपलं बोलायचं म्हणून म्हणालो, "अक्का, बरं झालं गाडी चालू झाली. तुम्ही दुसऱ्या गाडीत बसत नाही म्हणून सार काळजीत होते."

"मी बैसत नाहीं?" अक्का म्हणाली. "मी बसनेंहि गेलें असतें. दोन वेळां निघालें होतें. हाच म्हणाला, थांब, मी नेतों."

मी आरशात त्यांच्याकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते.

"तुझा जीव कोंडतो म्हणालीस," ते म्हणाले.

"कोंडतो. म्हणोन काय आंधळी होऊं?"

"तूंच काचेचें बोललीस."

"काच बरी म्हणालें. काचेविण येत नाहीं असें कधीं म्हणालें?"

हे इस्पितळाच्या दारापर्यंत चाललं. दोघांतलं खरं कोण बोलत होतं, मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण ती त्यांच्याशिवाय गेली नसती, की ते तिला दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ देणार नव्हते, काहीही धरा. त्या दोन तारा जागेवर आल्या नसत्या तर तिसऱ्यांदा तारीख पुढं गेली असती आणि डोळा गेला असता, एवढं मला पक्कं कळतं.

ऑपरेशन नीट झालं. रात्री तिथंच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, थेंब लिहून दिले, आणि आम्ही तिला घ्यायला गेलो. डॉक्टर म्हणाले, आता दिसेल, हळूहळू चांगलं दिसेल. अक्का पुन्हा दार चाचपत आली. हिरवा चष्मा लावून गाडीत बसली. मला वाटलं, दिसत नाही की काय.

कावेरीचा पूल ओलांडला. रस्ता मोकळा लागला. दोन्हीकडं भात. तेव्हा तिनं चष्मा जरा वर केला आणि भावाकडं वळून बघितलं. नुसतं बघितलं नाही, कापड घेताना सूत बघतात तसं, कपाळ, भुवया, गळ्याची लोंबती कातडी, स्टिअरिंगवरचे हात.

"तूं इतका म्हातारा जाहलास," ती म्हणाली, "आणि मज कोणीं सांगितलें नाहीं."

प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं उत्तर असायचं.

"तूं विचारिलें नाहींस," ते म्हणाले.

आणि त्यांनी हॉर्न वाजवला. पुढं रस्त्यावर माणूस नव्हतं, गाय नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. ते वाजवतच राहिले. अक्कानं चष्मा खाली केला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तरी त्यांचा अंगठा हॉर्नवरून उठला नाही.